नॉक सेन्सर, शेंगदाणे आणि मामा: ईडन प्रेरी ते स्टेट कॉलेज

मामांना विमान नको होतं. विमानात पाय आखडतात, असं त्यांचं म्हणणं. मिनियापोलिसहून पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला थेट विमान नाही, मध्ये एकदा बदलावं लागतं आणि धावपळ होते, हे दुसरं कारण. तिसरं कारण त्यांनी सांगितलं नाही. ते मला आठशे मैल गाडी चालवल्यावर कळलं.

आमची इरा स्टेट कॉलेजला पीएचडी करते, जुन्या पुलांच्या काँक्रीटवर. तिचा डिफेन्स मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी दहाला ठरला. पहिला तासभर ती सगळ्यांसमोर बोलणार आणि मग परीक्षक तिला उभी-आडवी घेणार. सुधाकरमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत आले आणि सगळी नोकरी एका इंजिनाच्या कारखान्यात, टेस्टिंगमध्ये केली. मामी गेल्यापासून ते मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीत आमच्यापासून दहा मिनिटांवर एकटे राहतात. इराचं शाळेतलं सगळं गणित त्यांनी दर रविवारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर करून घेतलं. त्यामुळे डिफेन्सला जायचं हे त्यांनी माझ्याही आधी ठरवलं होतं. माझा नवरा मिलिंद कामात अडकलेला, तो ऑनलाइन बघणार होता.

निघायच्या आदल्या दिवशी इराचा फोन आला. "आई, आजोबांना ऐकू येईल ना? मी फास्ट बोलते. आय वॉन्ट हिम टू ॲक्च्युअली हिअर इट."

मी म्हटलं, येईल गं, पहिल्या रांगेत बसवू. पण माझा मलाच भरवसा वाटेना. गेली दोन वर्षं मामा समारंभात सगळ्यांकडे बघून नुसते छान हसत. मागच्या वर्षी त्यांच्या मुलीने, ओहायोतल्या डब्लिनला राहणाऱ्या मृणालने, त्यांना कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते वापरता का म्हणून विचारलं की मामा म्हणत, "लागेल तेव्हा घालतो." घातलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला निघालो. गाडी आमची जुनी, सहा सिलिंडरची, हिवाळाभर गॅरेजमध्ये निवांत पडलेली. मिलिंदची गाडी बर्फात बरी चालते, म्हणून थंडीत आम्ही तीच वापरतो. मागे इराच्या सामानाचे खोके. स्टेट कॉलेजला इंडियन दुकानं जेमतेम, त्यामुळे गोडा मसाला, पोहे, चिवडा आणि दाण्याची चटणी असा सगळा शिधा बरोबर होता. तुम्ही हा प्रवास करणार असाल तर एक सांगते: सेंट पॉलमधून सातनंतर निघू नका, अर्धा तास तिथेच जातो. आमचा गेला.

नदी ओलांडून विस्कॉन्सिनमध्ये शिरलं की हडसनला लगेच चढ लागतो. तिथे मला पहिल्यांदा आवाज आला. टकटकटक, बारीक, डब्यात खडे हलवल्यासारखा. पाय उचलला की बंद, दाबला की परत सुरू.

"मामा, ऐकलंत?"

त्यांनी मान तिरकी केली, डॅशबोर्डवर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. नोकरीत असताना हा माणूस बंद दाराबाहेरून इंजिनाचा आजार सांगायचा, हे मी मामींकडून शंभरदा ऐकलेलं. मी वाट बघत राहिले.

"काही नाही," मामा म्हणाले. "स्वच्छ चाललंय. तुला गाडी चालवताना उगाच आवाज येतात."

तज्ज्ञानेच सांगितलं म्हटल्यावर मी रेडिओ लावला.

विस्कॉन्सिन मला फार आवडतं. हिरव्या टेकड्या, लाल कोठारं, आणि टोमाच्या पुढे मध्येच उभे असलेले दगडी सुळके. टोमाच्या अलीकडे ताजं चीज मिळतं, त्याचे तुकडे चावले की दातांत किर्र किर्र वाजतात. पाच-सहा डॉलरला मोठी पिशवी येते, आणि ते ताजे असतील त्याच दिवशी खावेत, दुसऱ्या दिवशी वाजत नाहीत. मामांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, वाजतो म्हणतेस ते कळतं मला, दाताला कळतं. मी हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

तिथून निघालो आणि पंधरा मिनिटांत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडीतला दम एकदम गेला. पाय दाबला तरी ती आपली सावकाश, पोटभर जेवून चालायला निघालेल्या माणसासारखी. टकटक मात्र थांबली होती. मी घाबरून पुढच्या गावात सुट्या भागांच्या दुकानापाशी गाडी उभी केली. अमेरिकेत ही सोय उत्तम आहे: बऱ्याच दुकानांत छोटं यंत्र लावून दिव्याचा कोड फुकटात वाचून देतात. काउंटरवरच्या बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, नॉक सेन्सर.

मग मामांनी पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर कागदी नॅपकिन पसरून, मला शिकवणी दिली. इराला द्यायचे तशीच, पेन्सिल कानामागून काढून.

इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग ठिणगी पडते आणि आग एका कडेने दुसऱ्या कडेला पसरते. पण कधीकधी उष्णता आणि दाब वाढून कोपऱ्यातलं मिश्रण आग पोचायच्या आधीच आपणहून पेटतं. त्याचा धक्का लोखंडावर टकटक वाजतो. ते नॉकिंग. फार दिवस चाललं तर पिस्टनची वाट लागते. म्हणून इंजिनाला एक सेन्सर घट्ट बोल्ट करून ठेवतात, साधारण पेढ्याएवढा, मधे भोक. त्याच्या आत एक स्फटिक असतो. थरथर झाली की त्यावर दाब येतो आणि कणभर वीज तयार होते. नॉकिंगची थरथर वेगळी, चढ्या सुराची. ती आली की गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी किंचित उशिरा पाडतो आणि टकटक थांबते. हे सगळं आपल्याला पत्ताही न लागता चालू असतं.

"आणि सेन्सर बिघडला तर?" मी विचारलं.

"दोन तऱ्हा. कॉम्प्युटरला समजलं की आपल्याला ऐकू येत नाहीये, तर तो सावध होतो. ठिणगी कायमच उशिरा पाडतो. गाडी चालते, पण मरगळलेली, आणि पेट्रोल जास्त खाते. आत्ता तेच झालंय, जपून चालवलीस तर मृणालकडे डब्लिनपर्यंत जाईल. दुसरी तऱ्हा वाईट. त्याला ऐकू येत नसतं आणि ते कळतही नसतं. त्याला वाटतं, सगळं शांत आहे." मामांची पेन्सिल थांबली. "तू आवाज ऐकलास म्हणालीस. कुठे?"

"हडसनच्या चढावर."

"किती वेळ?"

"चांगली पाच मिनिटं."

त्यांनी नॅपकिनची घडी केली आणि खिशात ठेवली. पुढचे अडीच तास मामा खिडकीबाहेर बघत होते. मी दोनदा चहाचं विचारलं, दोन्ही वेळा ते छान हसले.

रॉकफर्डला मुक्काम केला. हॉटेल साधं, हायवेला लागून, सकाळच्या नाश्त्यासकट नव्वद डॉलरच्या आसपास. मंगळवारी आम्ही शिकागो टाळलं, आणि तुम्हीही टाळा. रॉकफर्डहून आय-३९ सरळ दक्षिणेला जातो, मग ब्लूमिंग्टनला आय-७४ धरून इंडियानापोलिस. टोल नाही, गर्दी नाही. चढसुद्धा नाही, सपाट काळी शेतं आणि मोठमोठ्या पवनचक्क्या. आमच्या मरगळलेल्या गाडीला हे मानवलं. शिवाय मामांच्या सांगण्यावरून सगळ्यात वरच्या प्रतीचं पेट्रोल भरलं होतं, ते असं लवकर पेट घेत नाही.

इंडियानात घड्याळ एक तास पुढे जातं हे विसरल्यामुळे डब्लिनला पोचायला उशीर होणार होता. तरी ओहायोत शिरल्यावर मामा म्हणाले, रेस्ट एरियात थांब. मला वाटलं, बाथरूमला. त्यांनी बॅगेतून यंत्राची डबी काढली, आरशात बघून दोन्ही कानांत यंत्रं बसवली आणि केस त्यावर ओढले.

"सुरू केलंत?" मी विचारलं.

"चार्ज नाहीत," मामा म्हणाले. "मृणालला दिसली की झालं. तू बोलू नकोस."

मला हसू आलं आणि रागही आला. शाळेत न केलेला गृहपाठ वहीत आहे असं भासवणाऱ्या मुलासारखा तो चेहरा. तिथेच, कुकीच्या मशीनसमोरच्या बाकावर, त्यांनी मला विमानाचं तिसरं कारण सांगितलं. मागच्या वर्षी मृणालकडे जाताना गेट बदलल्याची घोषणा त्यांना ऐकू आली नाही. विमान गेलं. चार तास बसून राहिले आणि कुणाला बोलले नाहीत. "यंत्र घातलं की सगळे मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतात, अनघा. लहान मुलाशी बोलावं तसं. त्यापेक्षा हसलेलं बरं."

मृणालने दारातच बापाच्या कानांकडे पाहिलं आणि खूष झाली. रात्री जेवताना तिने त्यांना भरपूर गोष्टी सांगितल्या आणि मामा प्रत्येक गोष्टीला हसले. एका गोष्टीत तिच्या कुत्र्याचं ऑपरेशन होतं. मी भाकरी मोडत राहिले, पण घास गोड लागला नाही.

बुधवारी सकाळी मृणालच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलो. छोटंसं, तीन गाड्यांचं. मालकीण डेना, पन्नाशीची, करडी वेणी, मोजकं बोलणारी. आमच्या इंजिनात दोन नॉक सेन्सर, आणि ते बसवलेत वरच्या अवजड भागाच्या खाली, सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेत. म्हणजे काम किरकोळ, पण तिथवर पोचायला अर्धं इंजिन उघडायचं. तासाभराने तिने आम्हाला आत बोलावलं आणि टॉर्च धरला.

त्या खोलगट जागेत शेंगदाण्यांचा ढीग होता. लालबुंद, कच्चे, पाऊण किलो तरी असावेत. त्यावर कापसाची मऊ गादी, आणि शेजारी सेन्सरची वायर नीट कुरतडलेली.

आमचं गॅरेज म्हणजे आमचं कोठार. मिनेसोटात थंडीत फ्रीजपेक्षा गार. सेलवर घेतलेला तांदूळ, कांदे, आणि कुटासाठी वीस पाउंडांचं शेंगदाण्याचं पोतं, सगळं गाडीच्या पुढ्यात रचलेलं. पोत्याला भोक दिसलं होतं मला डिसेंबरात. मी त्यावर टेप लावली होती आणि दाणे कमी झाले त्याचं खापर मिलिंदवर फोडलं होतं.

डेनाने शांतपणे विचारलं, घरी उंदीर पाळलाय का. मामा इतके हसले की त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला. दोन दिवसांत पहिल्यांदा खरं हसले.

डेनाने सांगितलं की पहिल्यांदा वायर अर्धवट तुटली असणार, म्हणून दिवा लागायच्या आधी टकटक झाली. मग पूर्ण तुटली आणि कॉम्प्युटरला कळलं. दोन्ही सेन्सर आणि वायर बदलायची तर दोन वाजतील. आम्हाला संध्याकाळपर्यंत सहा तासांवरच्या स्टेट कॉलेजला पोचायचं होतं, हे तिला सांगितलं होतं. तशीच नेली तरी गाडी पोचेल, पण पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात रडेल, असं ती म्हणाली. मग नाक मुरडून म्हणाली की काही गिऱ्हाइकं तिसरंच मागतात: सेन्सरच्या जागी दोन डॉलरचा रेझिस्टर लावून दे. कॉम्प्युटरला वाटतं सेन्सर जागेवर आहे, दिवा विझतो, गाडी पळते.

मामांना हे सगळं ऐकू आलं नाही. पण आपल्याला ऐकू आलं नाही, हे त्या सकाळी त्यांनी पहिल्यांदा लपवलं नाही. कानामागे हात धरून ते तिला म्हणाले, "से दॅट अगेन, प्लीज. आय डोन्ट हिअर वेल."

तिने पुन्हा सांगितलं. मोठ्याने नाही आणि बालवाडीच्या सुरातही नाही, फक्त त्यांच्याकडे तोंड करून. मामांच्या कपाळाची शीर उठली. मग ते इंग्रजीत, जुन्या साहेबी आवाजात, तिला सांगू लागले की याच्यासारखा मूर्खपणा नाही. बिघडलेला सेन्सर परवडला, निदान कॉम्प्युटर जपून वागतो. पण नुसता दाखवायला काहीतरी बसवायचं, आत काही चालू नाही, आणि सगळ्यांना वाटायचं की ऐकू येतंय, ही शुद्ध...

ते थांबले. हात अजून कानापाशीच होता, यंत्राला लागलेला.

मी दुसरीकडे बघितलं. 

"दोनपर्यंत थांबू," मामा मराठीत म्हणाले. "नीटच करून घेऊ." आणि बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. मी गेले तेव्हा त्यांनी कॉफीच्या मशीनची वायर काढून त्या जागी यंत्राची डबी चार्जिंगला लावली होती आणि शेजारी राखणीला बसले होते.

शेवटचा बोल्ट आवळताना डेनाने त्यांना बोलावलं. नॉक सेन्सरचा बोल्ट मोजून आवळायचा असतो. सैल राहिला की ऐकू येत नाही, फार आवळला की भलतंच ऐकू येतं. तिचा मोजणीचा पाना टिक्‌ करून वाजला. मामांनी मान वर केली. यंत्रं कानात होती, आणि आता चालू होती.

पहिले शंभर मैल मामांनी फक्त तक्रार केली. रस्ता ओरडतो. चिवड्याची पिशवी ओरडते. तू गाणं म्हणतेस ते इतकं वरच्या पट्टीत? एकदा काढून डबीतही ठेवली, वीस मिनिटांनी परत घातली. पेनसिल्व्हेनियात आय-८० वर डोंगर सुरू होतात. त्या रस्त्याचा मिसिसिपीच्या पूर्वेकडचा सर्वात उंच भाग इथे आहे, तशी पाटीही आहे. त्या चढावर मी पाय दाबला आणि आमची गाडी झोप झाल्यासारखी वर गेली. मामा डोळे मिटून ऐकत होते.

"स्वच्छ," ते म्हणाले. या वेळी मी विश्वास ठेवला. उजेड होता तोवर स्टेट कॉलेजला पोचलोसुद्धा.

इरा तिघींबरोबर राहते ती जागा एका टेकाडावर आहे. तिथून कॅम्पसची बस मिळते, तीच घ्या, गाडीला जागा शोधत बसू नका. गुरुवारी दहाला मामा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. इराने पहिल्यांदा त्यांच्या कानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. मग ती बोलायला लागली, तिच्या नेहमीच्या वेगात.

मला त्यातलं फारसं कळलं नाही. मी मामांकडे बघत होते. विसाव्या मिनिटाला ती एका समीकरणाशी आली आणि म्हणाली, हे मी पहिल्यांदा एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकले. खोलीत कुणाला काही लक्षात आलं नाही. ती हळूही बोलली नव्हती आणि पडद्यावर तसं काही लिहिलेलंही नव्हतं. ज्याला ऐकू आलं त्यालाच कळलं. मामांनी खिशातून रुमाल काढला आणि पहिल्यांदा चष्मा पुसला, मग डोळे.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मामांनी हात वर केला. थंडीत भेगा रुंदावतात त्याचा हिशेब धरलाय का, असं काहीसं. परीक्षकांपैकी एकाने वहीत लिहून घेतलं. इरा नंतर म्हणाली, "आजोबा, दॅट वॉज द हार्डेस्ट वन." डॉक्टर झाल्यावर तिने आम्हाला युनिव्हर्सिटीच्या डेअरीचं आइस्क्रीम दिलं. एका कोनात दोघांचं पोट भरतं, दोन घेऊ नका.

परतीला डब्लिनला पुन्हा थांबलो. मामांनी मृणालला आधी सगळं कबूल केलं, मग कुत्र्याचं ऑपरेशन पुन्हा सांगायला लावलं.

रविवारी दुपारी घरी आलो. गाडीचा दिवा परत लागला नाही. शेंगदाणे आता स्टीलच्या पिंपात, स्वयंपाकघरात आहेत, आणि मिलिंदची मी माफी मागितली आहे. तुमच्याही गॅरेजमध्ये धान्य असेल तर आजच आत आणा, आणि गाडीने टकटक केली तर रेडिओ लावू नका. एवढे मैल जाऊन आल्यावर सांगण्यासारखा सल्ला इतकाच.

एक राहिलं. मला वाईट खोड आहे: लेन बदलली की माझा इंडिकेटर तसाच टिकटिकत राहतो. मामा शेजारी बसले की हमखास ओरडायचे. गेली दोन वर्षं ओरडत नव्हते, आणि मी समजत होते की माझी खोड गेली. त्या रविवारी घराच्या थोडं अलीकडे मी मामांना म्हटलं, आता चहा टाकते, खाऊन मगच घरी जा. ते समोर बघत होते.

"अनघे," मामा म्हणाले, "तीन मैल झाले, तो इंडिकेटर बंद कर."